भाऊंची पाच मिनिटं

मला धक्का बसायला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यात खोटं काही नाही. दूध नासलं तरी मी कपाळाला हात लावून बसते. पण भाऊ सबनिसांनी मला जे धक्के दिले, ते दुधाच्या जातीचे नव्हते. त्यातले सुरुवातीचे मी आता हसत सांगते. एक मात्र असा आहे की तो सांगायला बसले की अजूनही मधेच उठून जाते. त्याला वगळून भाऊ सांगता येत नाहीत, म्हणून त्याच्यापर्यंत मी येणार आहे.

बडोद्यात समा भागात आमची सोसायटी आहे, तीन विंगांची. निम्म्याहून जास्त घरं गुजराती, आम्ही मराठी सात-आठ. भाऊ आमच्याच विंगेत पहिल्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्यावर, आमच्या डोक्यावर मोहिते. भाऊ रिफायनरीतून निवृत्त झालेले. दाब आणि तापमान दाखवणारे गेज तपासायचं त्यांचं काम. तेहतीस वर्षं ते काटा शून्यावर आहे की नाही तेवढं बघत आले, आणि निवृत्त झाल्यावर गेज हाताशी राहिले नाहीत म्हणून आमच्याकडे बघू लागले.

उंच, सडसडीत, सत्तरी ओलांडलेली. पांढरा सदरा, पांढरा पायजमा. कुठेही उभे राहिले तरी भिंतीला, कठड्याला, स्कूटरला टेकत नसत. लिफ्टची वाट बघतानासुद्धा नाही. एकदा मी म्हटलं, "भाऊ, टेका जरा, भिंत काही पडत नाही." तर म्हणाले, "टेकायचं ते डोकं, वहिनी. आणि ते एकाच ठिकाणी. बाकी काही टेकायची सवय लावून घेऊ नये."

आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मला बँकेत जायचं होतं, भाऊ स्कूटरवरून तिकडेच निघाले होते, म्हणून मी मागे बसले. वाटेत चौकात मारुतीचं छोटं देऊळ आहे. बडोद्यात देवळावरून गाडी जाताना माणसं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. हँडल एका हातात, दुसरा हात छातीला, मग ओठांना, मान जराशी कलती, आणि गाडी चाळीसच्या वेगात पुढे. मीही मागे बसून तसाच हात छातीला लावला. भाऊंनी मात्र करकचून ब्रेक लावला. भर रस्त्यात स्कूटर स्टँडवर चढवली, मी वर तशीच बसलेली. हेल्मेट काढलं, चपला काढल्या, डांबर तापलेलं होतं त्याच्यावर अनवाणी उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. मागे रिक्षा, टेम्पो, एक बस. हॉर्नचा नुसता कल्लोळ. चौकातला पोलीस गाडी बाजूला घ्या म्हणून ओरडत आला, "ए काका, बाजु पर लो ने, शुं करो छो?" भाऊंचं आटपेपर्यंत तो बाजूला उभा राहिला, का कोण जाणे. मग भाऊ त्याला गुजरातीत म्हणाले, "तुमच्या साहेबांसमोरून जाताना तुम्ही सलाम कसा करता? चालत्या गाडीवरून?" पोलीस म्हणाला, "साहेबांना सलाम करायला मी रस्ता नाही अडवत." भाऊंना ते पटलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते स्कूटर बाजूला घेऊन थांबू लागले. मी मात्र त्यांच्या मागे बसणं बंद केलं.

दुसरा धक्का माझ्याच स्वयंपाकघरात. मी रोज सकाळी स्तोत्र म्हणते ते भाजी निवडता निवडता. आईही तसंच म्हणायची. भाऊ कढीलिंब मागायला आले होते, दार उघडंच होतं. माझं संपेपर्यंत थांबले आणि मग विचारलं, "वहिनी, तुमचा मुलगा परदेशातून फोन करतो तेव्हाही तुम्ही गवार मोडत बोलता?"

मी म्हटलं, "हो. रोजच."

भाऊंनी खरंच विचार केला. "मग ठीक आहे," म्हणाले आणि कढीलिंब घेऊन गेले. भाऊंचं मला हे आवडायचं. दुसऱ्याला टोचण्यात त्यांना गोडी नव्हती, त्यांना उत्तर हवं असायचं, आणि उत्तर पटलं तर ते तिथल्या तिथे माघार घेत. अडचण एवढीच की बहुतेक माणसं त्यांना उत्तर देत नसत. त्यांच्यासमोर सगळ्यांची बोबडी वळायची.

त्यांची स्वतःची पूजा मी एकदाच पाहिली. त्यांच्या घराचं दार पहाटे उघडं असे, मी दुधाला खाली जात होते. देवघर म्हणजे कपाटाचा एक कप्पा. भाऊ त्याच्यासमोर उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आलो." शाळेत हजेरी देतात तसं. मग मांडी घातली, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, पावलं पूजेला नेसलेल्या धोतराच्या सोग्याखाली झाकलेली. देवाला पावलाचा तळवा दिसता कामा नये, हा त्यांचा दंडक. अर्ध्या तासाने दूध तापवून मी पुन्हा काही कामाला खाली उतरले तेव्हाही ते तसेच होते, फक्त डोकं जमिनीला. कुमुदकाकी, म्हणजे त्यांची बायको, चहाचा कप झाकून बाहेर बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "देवालासुद्धा ह्यांच्यापुढे ताठ बसावं लागत असणार."

एकदा मी भाऊंना विचारलंच की एवढं अंगाचं अवडंबर कशाला, देव भाव बघतो ना. हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, आणि म्हटलं की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं. भाऊ रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "भाव कुठून आणू, वहिनी? माझं मन माझं ऐकत नाही. पूर्वीपासून नाही. डोळे मिटले की बोर्डावरचे गेज दिसतात, कुणी काय बोललं ते आठवतं. अंग तेवढं ऐकतं. जे ऐकतं ते तरी नीट नेऊन ठेवावं त्याच्यापुढे." त्या दिवसापासून भाऊ मला मनापासून आवडू लागले, हे मी इथे सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून वाचणाऱ्याला वेगळं वाटेल.

गणपतीत भाऊंच्या अंगात उत्साह शिरे. पार्किंगमध्ये मंडप, गुजराती-मराठी सगळे मिळून. आरतीच्या शेवटी लोटांगणाचे शब्द येतात आणि ते म्हणत आपण सगळे स्वतःभोवती एक गिरकी घेतो. सगळीकडे असंच करतात. भाऊंना ते सहन होत नसे. "तोंडाने म्हणायचं आडवा होतो, आणि उभ्या उभ्या भोवरा फिरायचा. देवाला काय दिसत नाही?" म्हणून ते एकटे, त्या ओळीला, पार्किंगच्या फरशीवर खरोखर आडवे पडत. दोन मोटारींच्या मधे, पाय ऑइलच्या डागावर. बाकीचे गिरक्या घेणारे त्यांच्या अंगावर पाय पडू नये म्हणून उड्या मारत. कुमुदकाकी ओला पंचा घेऊन तयार. आमच्या शेजारच्या हसुमतीबेन पहिल्या वर्षी घाबरून किंचाळल्या होत्या, त्यांना वाटलं काकांना अ‍ॅटॅक आला.

आणि एवढं लोळण घेणारा हा माणूस इतर कुणापुढे मान तुकवत नसे. एका वर्षी आमच्या सोसायटीच्या प्रमुखांनी कुठल्याशा महाराजांना आरतीला बोलावलं. सगळे रांगेने पाया पडले. मीही पडले, माझा आपला स्वभावच तसा. भाऊ रांगेतून सरळ पुढे आले, हसून "नमस्कार" म्हणाले आणि निघून गेले. प्रमुख चिडले. भाऊ म्हणाले, "माझी त्यांची ओळख नाही. आदर आला की वाकेन. नसताना वाकलो तर तो त्यांचाच अपमान."

मग भाऊंनी पाच मिनिटं सुरू केली. आरतीच्या आधी सगळ्यांनी सतरंजीवर मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे, आणि पाच मिनिटं आपापली प्रार्थना करायची. जे काही मागायचं, सांगायचं ते मनात. मग भाऊ "हं" म्हणत, सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकायचं, आणि उठून आरती. खुर्च्या चारच, मागच्या बाजूला, सत्तरीच्या पुढच्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. सुरुवातीला लोक कुरकुरले. नंतर त्या पाच मिनिटांची सवय झाली, मला तर ओढ लागली. पार्किंगमध्ये साठ माणसं चिडीचूप बसलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आता केतकीचं सांगायला हवं. आमच्या डोक्यावरच्या मोहित्यांची मुलगी. तेहतीस वर्षांची, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला, बोलायला चुणचुणीत. कोविडात ती फार आजारी होती, तेव्हा स्टेरॉईड द्यावी लागली होती. त्यानंतर दीडेक वर्षाने तिचा उजवा खुबा दुखू लागला. हाडाचा रक्तपुरवठाच बंद झाला होता. शेवटी खुबा बदलावा लागला, अहमदाबादला जाऊन. बडोद्यात नको, कारण बडोद्यात कुणीतरी ओळखीचं भेटतंच. सोसायटीत सांगितलं, केतकी ट्रेनिंगला गेली आहे. शैलावहिनी, म्हणजे तिची आई, मला म्हणाल्या, "तेहतीस वय, त्यात खुबा खोटा. कोण करेल हो पोरीला?" आम्हाला माहीत होतं कारण आमचे हेच त्यांना गाडीने घेऊन गेले होते. माझ्याकडून त्यांनी देवासमोर शपथ घेतली होती. ती लंगडते त्याचं कारण विचारलं की सगळ्यांना सांगायचं, पाय मुरगळलाय.

ऑपरेशनला अडीच महिने झाले होते आणि गणपती आले. पाणीगेटकडचं एक स्थळ होतं, मराठी, मुलगा सरळ. पत्रिका जुळली होती. घरी पोहे-चहाचा कार्यक्रम करण्यापेक्षा पाचव्या दिवशी आरतीलाच या, सहज भेट होईल, असं ठरलं. आमच्याकडे हल्ली असंच करतात, म्हणजे नाही जमलं तर कुणाला बघायला आले होते असं वाटत नाही.

ते आले. मुलगा, त्याचे आईवडील. पुढे सतरंजीवर बसले. केतकी अबोली रंगाची साडी नेसून मागच्या खुर्चीवर बसली होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही आणि कमरेतून खाली वाकायचं नाही. हे त्या मांडवात चार माणसांना माहीत होतं. तिला, तिच्या आईला, मला आणि आमच्या ह्यांना. तिचे वडील कामावरून यायचे होते.

पाच मिनिटं सुरू होणार तेवढ्यात हसुमतीबेन काठी टेकत आल्या. चारही खुर्च्या भरलेल्या. भाऊंनी मागे पाहिलं.

"केतकी, ऊठ बेटा, बेनना बसू दे."

केतकी उठली. बाजूला उभी राहिली, खांबाला धरून. तेवढं चाललं असतं. पण भाऊंनी सतरंजीकडे बोट दाखवलं. "बस ना."

"मी उभी राहते, भाऊकाका. फावेल मला, चालेल."

"फावण्याचा प्रश्न नाही. देवापुढे पाच मिनिटं मांडी घालायला तुझ्या वयाला एवढं जड जातं? बेन पंच्याहत्तरीच्या आहेत, त्या काठी टेकत आल्या. तुझं कारण काय, सांग. कारण असेल तर मीच खुर्ची आणून देतो."

ते खरंच विचारत होते. कारण सांगितलं असतं तर त्यांनी खुर्ची डोक्यावरून आणली असती. पण कारण सांगायचं कुणासमोर? पुढे बसलेली तिन्ही डोकी मागे वळली होती. मुलाची आई बघत होती. केतकीने शैलावहिनींकडे पाहिलं, शैलावहिनींनी मान खाली घातली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. शपथेमुळे नाही आला, हे मला तेव्हाही कळत होतं.

केतकी खाली बसली. आधी हात टेकले, मग डावा पाय, मग उजवा ओढून घेतला आणि मांडी घातली. पाठ ताठ ठेवली. पाच मिनिटं माझे डोळे मिटलेले नव्हते, मी तिच्याकडेच बघत होते. तिचा चेहरा शांत होता. मला वाटलं, निभावलं. भाऊ "हं" म्हणाले. साठ डोकी खाली गेली, तिचंही गेलं. साठ डोकी वर आली. तिचं आलं नाही.

सगळे उभे राहिले. तबक पेटलं. केतकी तशीच, कपाळ सतरंजीला लावून. भाऊ माझ्या शेजारी आले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. मला हळूच म्हणाले, "बघा वहिनी. अंग एकदा खाली नेलं की मन पाठोपाठ जातं." मग हाताने खुणा करून त्यांनी तिच्या आजूबाजूच्या माणसांना मागे सरकवलं, तिला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. तिची तंद्री मोडू नये म्हणून. मुलाची आई शैलावहिनींच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "मुलगी फार भाविक आहे हो तुमची." शैलावहिनी हसल्या. मी पाहिलं ते हसू. त्यांनाही तेवढा वेळ तसंच वाटलं.

झांजा सुरू झाल्या. पहिली आरती झाली. दुसरी सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होते, हे मी लपवत नाही. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तिने सतरंजी मुठीत धरली होती आणि मूठ थरथरत होती. मी खाली बसले, तोंड तिच्या कानाजवळ नेलं. "केतकी?"

ती जमिनीत तोंड घालूनच म्हणाली, "काकू, पाय निघालाय. मी मघापासून हाका मारतेय."

मी "थांबा" म्हणून ओरडले तरी झांजा लगेच थांबल्या नाहीत. साठ माणसांच्या झांजा एका बाईच्या ओरडण्याने थांबत नाहीत.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. तिला उचललं तेव्हा उजवा पाय आत वळलेला आणि आखूड झालेला दिसत होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने हिंदीत विचारलं, आधी काही ऑपरेशन झालंय का? शैलावहिनी मुलाच्या आईसमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "खुबा बदललाय. अडीच महिने झाले." तिसऱ्या दिवशी पाणीगेटहून निरोप आला की पत्रिका नीट जुळत नाही.

सांधा भूल देऊन जागेवर बसवला, पण पट्टा बांधून सहा आठवडे फार जपायला सांगितलं. पुन्हा निखळला तर पुन्हा ऑपरेशन.

भाऊ विसर्जनाला आले नाहीत. मी खाली गेले तर कुमुदकाकी म्हणाल्या, "देवघराच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. अंघोळ करून, सोवळं नेसून. सहा दिवस झाले." भाऊ आतल्या खोलीत उभे होते. मला बघून बाहेर आले.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

शपथेचं मी सांगणार होते. पण त्यांच्यापुढे खोटं बोलणं कठीण जायचं. म्हटलं, "भाऊ, मी तुम्हाला घाबरले."

"मला?" ते म्हणाले. एवढं आश्चर्य मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. एखाद्याला त्याच्या घरात आणखी एक खोली आहे म्हणून सांगावं तसे ते बघत राहिले. "मला कोण कशाला घाबरेल?" कुमुदकाकी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

केतकीला घरी आणलं ती संध्याकाळची वेळ होती. गाडी पार्किंगमध्ये थांबली. माणसं जमलीच, जमतातच. ती वॉकर धरून उभी राहिली, कमरेला पट्टा, चेहरा पांढराफटक. वडील दार लावत होते. तेवढ्यात भाऊ आले. नुकती अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, अनवाणी. कुणाला काही कळायच्या आत ते तिच्या वॉकरसमोर आडवे झाले. सबंध. कपाळ, छाती, गुडघे, दोन्ही हात पुढे तिच्या पावलांकडे. महाराजांपुढे न वाकलेला माणूस, एकाहत्तर वर्षांचा, अर्ध्या वयाच्या मुलीपुढे.

थोरल्याने धाकट्याच्या पाया पडलं की धाकट्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्यात मानतात. कुणी चुकून पडलाच तर धाकट्याने चटकन खाली वाकून उलटा नमस्कार करायचा, म्हणजे फिटतं. शैलावहिनी पुढे धावल्या. "भाऊ, उठा. पोरीचं आयुष्य तरी राहू द्या." आणि सवयीने केतकीला म्हणाल्या, "अगं, पाया पड त्यांच्या."

"मला वाकता येत नाही, आई," केतकी म्हणाली.

भाऊ उठले नाहीत. ती वरून त्यांच्या पाठीकडे बघत होती. मला वाटलं आता ती रडेल, किंवा "असू द्या काका" म्हणेल. आपण बायका म्हणतोच.

ती म्हणाली, "भाऊकाका, खुर्ची काढलीत ती सगळ्यांसमोर. आणि हेही सगळ्यांसमोरच."

आवाज चढलेला नव्हता. मग ती वॉकर उचलून एक पाऊल बाजूला झाली, आणखी एक, त्यांच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून लिफ्टकडे गेली. तेवढं अंतर जायला तिला खूप वेळ लागला. लिफ्टचं दार लागल्यावर वॉचमनने भाऊंना काखेत हात घालून उठवलं. त्यांच्या कपाळाला फरशीची धूळ लागली होती आणि कुमुदकाकींचा पंचा त्या दिवशी नव्हता. मला त्यांची दया आली नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि राग आला म्हणून माझी मलाच लाज वाटली, कारण टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

त्यानंतर भाऊ रोज दुपारी चारला जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाऊ लागले. आमच्या दारावरून जात, म्हणून मला कळे. एकदा बेल वाजवत. शैलावहिनी दार उघडून सांगत, केतकी झोपली आहे. भाऊ "बरं" म्हणून उतरत. कधी तीच आतून सांगे, आज नको. भाऊ उतरत. दुसरी बेल त्यांनी कधी वाजवली नाही आणि निरोपही ठेवला नाही. दिवाळी झाली. पट्टा निघाला. तरी चालूच. आमचे हे म्हणाले, "ही आता त्यांची नवी पूजा." मी म्हटलं, चेष्टा करू नका, आणि आत जाऊन डोळे पुसले.

भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते डिसेंबरात. त्या आठवड्यात त्यांचा मुलगा येऊन दोघांना बंगळूरला घेऊन गेला, आणि मी नेमकी पादरा गावी बहिणीकडे होते. त्याच्या आधीची ती दुपार. शैलावहिनींना बाजारात जायचं होतं म्हणून केतकीजवळ मी बसले होते. चारला बेल वाजली. मी केतकीकडे पाहिलं.

"येऊ द्या," ती म्हणाली.

भाऊ दारात थांबले. "आत येऊ?" त्यांनी तिला विचारलं, मला नाही. ती हो म्हणाली. "कुठे बसू?" ती म्हणाली, कुठेही. ते तिच्या समोरच्या सोफ्याच्या कडेला बसले. मी चहा टाकायला आत गेले, पण स्वयंपाकघराला दार नाही, सगळं ऐकू येत होतं.

मग भाऊ म्हणाले, "दुखतं का गं?"

"दुखतं."

"फार?"

"जिना चढताना. कूस बदलताना. कधी कधी उगाच."

"हं," भाऊ म्हणाले. आणि मग, "मी तेव्हाच विचारायला हवं होतं. जवळ येऊन."

"हो," केतकी म्हणाली.

चहा उकळायला लागला होता. मी गॅस बारीक केला.

"काका, तुम्ही सगळ्यांना पाच मिनिटं देत होतात ना, काय हवं ते मागायला. मी त्या दिवशी काय मागितलं, सांगू?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं.

"लग्न नाही मागितलं. पायाचंही नाही. दुखायला पहिल्याच मिनिटाला लागलं होतं. मी उठले असते. पण डोळे किलकिले केले की तुम्ही दिसायचात, माझ्याकडे बघताना. नीट बसलेय की नाही ते. मग मी पाच मिनिटं एकच मागत राहिले, की भाऊकाकांनी दुसरीकडे बघावं. फक्त मी उठून उभी राहीपर्यंत."

मी गॅस बंद केला. तिच्याकडे बघणारे भाऊ एकटे नव्हते.

शेवटी मी चहा घेऊन बाहेर आले. वाटलं होतं भाऊ रडत असतील. ते रडत नव्हते. त्यांनी मान पूर्ण फिरवली होती आणि खिडकीबाहेर बघत होते, समोरच्या विंगेच्या गॅलरीत वाळत टाकलेल्या कपड्यांकडे. मी कप पुढे केला तो त्यांनी चाचपडत घेतला, न बघता. चहा प्यायला लागले तरी नजर तिथेच. केतकी त्यांच्याकडे बघत होती. अर्धा कप संपला, सगळा संपला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"भाऊकाका," केतकी म्हणाली, "आता बघितलं तरी चालेल."

भाऊंना मान वळवायला बराच वेळ लागला.